मापाचा शर्ट

शालूबाईच्या मनात ललितेचा हेवा कधी शिरला, हे तिला वार-तारखेनिशी सांगता आलं असतं. सन बासष्टचा एप्रिल, सोमवार. अमरावतीच्या विकास कार्यालयात नवी कारकून रुजू व्हायला आली आणि शिपाई जानराव दारातच चहाची किटली धरून उभा राहिला.

"शालूबाई, ही बाई हाय का इन्स्पेक्टर?"

अंगावर साधी पाचवारी साडी होती, पण पोलक्याच्या जागी चक्क पुरुषी शर्ट! पांढरा, मनगटापर्यंत बाह्या, कॉलर, छातीवर खिसा आणि खिशात पेन. पदर खांद्यावर पिनेनं टाचून कमरेला खोचलेला. नाव ललिता. चांदूर रेल्वेच्या कापसाच्या जिनात राबणाऱ्या बापाची पोर. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ही कॉलेजात गेली. बी.ए. होऊनच बाहेर पडली.

शालू मॅट्रिक. रिद्धपूरकडच्या शेतकऱ्याची लेक. नवरा देवमन शाळामास्तर. या कार्यालयातली पहिली बाई म्हणजे तीच, आणि त्या पहिलेपणाची तिनं चार वर्षं भरपूर किंमत मोजली होती. तंग पोलकं, आखूड बाह्या. वरच्या फळीवरची फाईल काढायला हात उंचावला की काखेत टर्रकन उसवायचं. म्हणून फळीचं काम ती पुरुष मंडळी चहाला गेली की उरकायची. एक हात कायम पदरावर. उरलेल्या एका हातानं सरकारचं काम.

ललितेनं पहिल्याच दिवशी स्टूल ओढलं, वर चढली, दोन्ही हात वर केले आणि धुळीनं माखलेला गठ्ठा खाली घेतला. खोलीत सहा पुरुष होते. कोणीही मान वर केली नाही, कारण बघण्यासारखं काही नव्हतंच. नुसता एक शर्ट वर गेला आणि खाली आला.

शालूला हेवा वाटला तो त्या न बघण्याचा. चार वर्षं सोसूनही तिला जे मिळालं नव्हतं, ते या पोरीनं येतानाच अंगात घालून आणलं होतं.

मग बारीकसारीक गोष्टी डोळ्यांत खुपायला लागल्या. हिचा पदर शाईनं भरत नाही. ही उकाड्यात पाठीला पदर गुंडाळून बसत नाही. साहेबसुद्धा हिच्याशी बोलताना टेबलाकडे न बघता तोंडाकडे बघून बोलतात. घरी जेवताना शालू म्हणाली, "पुरुषाचे कपडे घालते म्हणून इतका मान. उद्या मी घातले तर?"

देवमननं ताटातून मान वर केली नाही. "घाल नं. कोण्या पलटणीत चालली, तेवढं सांगून जाय."

हे सगळं तिनं गिळलंही असतं. पण मे महिन्यात साहेबांनी सांगितलं, की धारणीकडच्या महिला मंडळांची तपासणी करायची आहे. जीपनं आठ दिवस जंगलात हिंडायचं, बरोबर एक बाई कारकून हवी. आणि जी जाईल तिचंच नाव तपासनिसाच्या जागेसाठी वर पाठवायचं. सोमवारी ठरवू, म्हणाले.

या जागेची वाट शालू चार वर्षं बघत होती. बाईमाणसाला टेबलामागून उठवून गावोगाव पाठवणारी तेवढी एकच जागा. आणि साहेब दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. शालूला वाटलं, ते शर्टाकडेच जरा जास्त बघतात.

शनिवारी अर्धा दिवस सुटी. लोणच्याची बरणी परत करायच्या निमित्तानं शालू ललितेच्या खोलीवर गेली. ललिता नळावर पाण्याला गेलेली. आवारातल्या दोरीवर दोन शर्ट वाळत होते, शेजारी एक नवी साडी. शालूनं कॉलर उलटून पाहिली. आत शिंप्याची चिठ्ठी शिवलेली होती: करीम मास्टर, अकोला.

तिनं एक शर्ट पिशवीत घातला, मापाला. दुसराही घातला. तो कशाला, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

रविवारी पहाटे, "मावशीले बरं नाही," असं घरी सांगून ती बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत बसली. पार्बतामावशी अंगणात ठणठणीत बसून तांदूळ निवडत होती. "कोणी सांगतलं तुले मी बिमार म्हणून?" शालू म्हणाली, "सांगते मंग," आणि पिशवी घेऊन बाजारात गेली. वाटेत पांढरं पॉपलिन घेतलं.

करीम मास्टर म्हातारा, गळ्यात टेप, पण बाईच्या अंगाला टेप लावायचा नाही अशी त्याची रीत. बायकांनी आपला जुना कपडा मापाला आणावा, त्यानं तो फळीवर पसरून मोजावा. गिऱ्हाईक बाई असली की तो तोंडाकडेसुद्धा बघत नसे. बोलायचा ते कापडाशी.

शर्ट हातात घेतल्याबरोबर त्यानं शिवण ओळखली. "ही कमीज तं माह्या हातची हाय. ललिताबाईची."

"हो. तिनंच देली," शालू म्हणाली. खोटं एवढ्या सफाईनं निघालं की तिलाच नवल वाटलं.

"मोठी जिद्दी बाई. तीन इतवार इथं बसली होती. मर्दानी कमीज बाईच्या अंगावर बसत नाही, छातीवर ताणते, कमरेत फुगते. भावाची कमीज आणली मापाले. मी शिवावं, तिनं पडद्यामागं घालून पाहावं, पुन्हा उसवावं. चारदा उसवली. पाचव्यांदा म्हणे, 'मास्टर, आता हात आकाशाले लागते.'" त्यानं टेप उचलला. "मंग, हे माप तुमालेबी चालते का?"

इथं शालूनं खरं सांगायला हवं होतं. ललिता काडीसारखी. शालू वावरात वाढलेली, कापसाची ओझी वाहिलेल्या खांद्यांची. पण ललितेचं माप आपल्याला येत नाही, हे तिच्याच शिंप्यासमोर कबूल करायचं?

"अगदी बरोबर येते," ती म्हणाली.

मास्टरनं एकदा डोळे वर केले असते तर पुढचं टळलं असतं. पण रीत ती रीत. संध्याकाळच्या गाडीआधी त्यानं शर्ट हातात दिला.

मावशीच्या घरात तो अंगात घालताना शालूची दमछाक झाली. खांदे आवळले, छातीवरच्या दोन गुंड्या लागेनात, आणि हात कानाच्या वर जाईना. मावशी दारात येऊन उभी राहिली.

"काहून वं, जवाईबापूचा सदरा चोरून आणला का?"

शालूला हसूही येईना, रडूही येईना.

सोमवारी ती पोलक्यातच कार्यालयात गेली. आणि ललिताही पोलक्यातच आली. जुनं, फिकं, बाह्यांना आवळलेलं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, एक हात पदरावर. शालूनं डोळे भरून पाहिलं. आता कळेल, तिला वाटलं. आता सगळ्यांना कळेल, शर्टाच्या आत काय होतं ते.

दुपारी साहेबांनी दोघींना बोलावलं. "बुधवारी जीप निघेल. कोण जातं?"

"मी जाते, साहेब," ललिता म्हणाली. पदरावरचा हातसुद्धा तिनं हलवला नाही.

"शालूबाई, तुम्ही सीनियर. तुमचं काय?"

चार वर्षं जे उत्तर तयार होतं ते शालूच्या तोंडाशी आलं, आणि त्याच्या आधी दुसरंच बाहेर पडलं. "घरी विचारून सांगते."

साहेबांनी मान डोलावली आणि ललितेचं नाव लिहून टाकलं.

त्या रात्री शालूला झोप लागली नाही. शर्टाचा हेवा सोपा होता, तो दोरीवरून काढता आला. पण हिनं पोलक्यात उभं राहून, कोणाला न विचारता, 'मी जाते' म्हटलं. ते कोणत्या दोरीवर वाळत घालते ही?

मंगळवारी संध्याकाळी ती दोन्ही शर्ट धुऊन, इस्त्री करून घेऊन गेली. ललिता दौऱ्याची वळकटी बांधत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची पेटी.

"मले माहीत होतं," ललिता म्हणाली. "चोर नवी साडी सोडून शर्ट नेत नाही."

"मापाले नेला होता."

"एक मापाले. दुसरा?"

शालूनं दोन्ही शर्ट पुस्तकांच्या पेटीवर ठेवले.

"मले म्हटलं असतं तं मी सोता तुमाले अकोल्याले नेलं असतं, शालूबाई. एक नेला असता तं मी हसली असती. दोन काहून नेले?" तिचा आवाज चढला नाही, पण तिनं बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. वळकटीची गाठ मारली, मग हात पुढे केला. "तुमचा शिवलेला कुठाय? दाखवा."

रविवारपासून पिशवीच्या तळाशी तसाच पडलेला तो शर्ट शालूनं काढून दिला. ललितेनं काखेतली शिवण बोटांनी चाचपली. "मास्टर आत कपडा सोडते. दोन्हीकडून उसवा. काखेत चौकोनी तुकडा लावा, चौबगला, आपल्या म्हाताऱ्यांच्या बंडीले असते तसा. हात वर जाईल." आणि दार लावून घेतलं.

शालूनं तो शर्ट स्वतःच्या हातानं तीनदा उसवला. चौथ्यांदा अंगात घातला तेव्हा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा तिनं दोन्ही हातांनी खाली घेतला, कारण नसताना. तो घालून ती कार्यालयात गेली त्या दिवशी देवमननं पलटणीची चौकशी केली. ती म्हणाली, "पलटण माहीच हाय. डबा भरून ठेवला, शाळेत जाय."

दिवाळीनंतर धारणीचा दुसरा दौरा निघाला. आता ललिता तपासनीस होती; तिच्या मदतीला कारकून हवी होती. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत शालू "मी जाते" म्हणाली आणि घरी नंतर सांगितलं. देवमन दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचा मफलर तिच्या वळकटीत घातला.

पहाटेच्या थंडीत जीप निघाली. ललिता पुढे, ड्रायव्हरशेजारी. शालू मागे, मांडीवर दप्तरं घेऊन. दोघी लागेल तेवढंच बोलत होत्या. रस्ता असा की दर खड्ड्याला शालूचं डोकं छताला लागायचं. वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून ती बसली होती आणि काखेतला चौबगला कुठेही ओढत नव्हता. तिला सुख झालं होतं. खरंच झालं होतं.

पण डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, ललितेची कॉलर होती. एवढ्या हादऱ्यांतही ताठ, पांढरीशुभ्र. शालूच्या कॉलरीनं परतवाड्यालाच मान टाकलेली. ही खळ कोणाकडून करून घेते, की घरीच करते? पेजेची की साबुदाण्याची? धारणी येईस्तोवर शालूच्या मनात तेवढं एकच घोळत होतं, आणि धारणी येईस्तोवर तिनं विचारलं नाही.