रीशानं खाल्लेला ससा

घरातलं कमावतं माणूस दमायला लागलं, तर तुम्ही त्याच्या पुढ्यातली भाकरी कमी कराल का? नाही म्हणाल, आणि लगेच म्हणाल. मग मला सांगा, आमच्या लोकांतली झाडून सगळी शहाणी माणसं शिकारी कुत्रीच्या बाबतीत नेमकं हेच का सांगत होती? आणि शल्लाशसारखा कुणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस ते का ऐकत होता?

‘कुत्री’ हा शब्द मी तुमच्यासाठी वापरला. शल्लाशसमोर वापरला असता, तर त्यानं चहाचा पेला खाली ठेवून मला दार दाखवलं असतं. आम्हा वाळवंटातल्या भटक्या मेंढपाळांत कुत्रं वेगळं आणि शिकारीची सलूगी वेगळी. कुत्रं बाहेर, मेंढरांमागं. त्याचं तोंड भांड्याला लागलं तर भांडं घासून घासून हात दुखतात. सलूगी घरात, गोधडीवर, माणसांच्या अंगाला अंग लावून झोपते. ती कुणी विकत नाही, कुणी विकत घेत नाही. ती देतात. रीशा अशीच आली होती. शल्लाशच्या मामेभावानं लोकरीच्या झग्यात झाकून आणलेलं मूठभर पिल्लू, आणि वर एवढंच बोलणं, “माझे पाय गेले. हिचे आहेत. ठेवून घे.”

शल्लाश तंबूत जन्मलेला माणूस. साठीचा असेल, त्याला स्वतःलाही नक्की ठाऊक नाही. बाप गेला तेव्हा वाट्याला आलेला कळप त्यानं दुप्पट केला, आणि लागोपाठच्या दुष्काळांनी तो कळप त्याच्या डोळ्यांदेखत खाल्ला. उरली एक दुभती शेळी. मग तो हमरस्त्याच्या कडेला सिमेंटच्या दोन खोल्यांत येऊन बसला. सरकारनं वस्ती वसवली म्हणतात. काळ्या दगडांच्या माळावर खोल्या ओतल्या आणि पाणी विसरले. त्या पाण्यासाठी भांडायला मी तिथं जात असे, म्हणून हे घर मला ठाऊक. घरात तो, त्याची विधवा बहीण फिद्दा आणि रीशा. मुलगा मितअब खाणीत कामाला आहे, सणालाही येत नाही; तरी वस्ती शल्लाशला अबू मितअब, म्हणजे मितअबचा बाप, असंच हाक मारते.

सरकारी वाटपातून पीठ यायचं, साखर, चहा, तेल. मटण नाही. मटण रीशा आणायची. थंडीत माळापलीकडच्या वाळल्या तळ्याच्या सपाटीवर ससे निघतात. आठवड्याला एखादा ससा म्हणजे त्या घरातली हाडं भिजवणारी एकच गोष्ट. बाकी दिवस पातळ शिराक रोटी गोड चहात बुडवायची आणि पोटाची समजूत घालायची. रीशाचीही तीच. “मी खातो ते ती खाते,” शल्लाश छाती काढून सांगायचा. खरंच होतं ते. अडचण एवढीच की तो दिवसभर भिंतीला टेकून बसायचा आणि ती वाऱ्यामागं धावायची.

त्या हिवाळ्यात पहिला ससा सुटला. मग दुसरा. रीशा मागं पडू लागली.

सपाटीवर जायला गाडी लागते, आणि गाडी दहामची. दहाम म्हणजे शेजारचा, मनानं वाईट नाही, तोंडानं फार वाईट. त्यानं चहा पिता पिता निकाल दिला. “अबू मितअब, तुझी राणी जाड झालीय.”

“हिच्या फासळ्या मोजता येतायत, आंधळ्या,” फिद्दा आतून म्हणाली.

“फासळ्या सलूगीच्या दिसायच्याच, फिद्दा खाला. दिसल्या नाहीत तर ती सलूगी कसली. पण सुस्त सलूगी म्हणजे पोटभर खाल्लेली सलूगी, हे माझ्या आज्यापासून चालत आलंय. रिकामं पोट पळतं.”

“मग तू पळ. तुझं डोकं रिकामं आहे, हलका होशील.”

शल्लाश हसला, पण रीशाची रोटी त्या संध्याकाळपासून अर्धी झाली.

मला राग येतो तो इथं. ती म्हण खोटी नव्हती. ती भरल्या तंबूतली म्हण होती. पूर्वी कळप असताना सलूगीला दूध मिळायचं, वाळल्या दह्याचे खडे, खजूर, मटणाच्या रश्श्यात कुस्करलेली रोटी, कापलेल्या मेंढराचं काळीज आणि आतडी. उन्हाळाभर खाऊन ती खरंच जड व्हायची, मग शिकारीच्या आधी तिचं थोडं आवरायचे. सलूगीला काय घालावं हा प्रश्न आमच्यात कधी कुणाला पडलाच नव्हता, कळप घालायचा. कळप गेला, खायला घालायची रीत गेली, आणि हातात उरली ती फक्त आवरायची रीत.

ती अजून मंदावली. त्यानं अजून कमी केलं. कमी केलं, म्हणून ती अजून मंदावली. हे चक्र फिद्दाला दिसत होतं. ती स्वतःच्या वाट्याची रोटी तेलात भिजवून, खजुराचा गर लावून, ओढणीआडून रीशाला द्यायची. एकदा शल्लाशनं पाहिलं.

“म्हणजे तू घालतेस हिला. मी म्हणतोय, ही पळत का नाही.”

“माझ्या आईच्या लेका, हिला भूक लागलीय.”

“भूक शिकाऱ्याला लागलीच पाहिजे.”

“भूक आणि उपास यातला फरक तुला रमजानात बरा कळतो. सूर्य बुडायच्या आधीपासून खजूर हातात धरून बसतोस.”

त्यानं रीशाला स्वतःच्या खोलीत बांधलं. फिद्दाला आता तिला चोरून काही घालता येईना. रीशाच्या पंजांना मेंदी लावायची ती तेवढी लावत राहिली, दगडांनी तळवे फाटू नयेत म्हणून.

मी शहरातून जनावरांच्या खाण्याची पिशवी आणली. पिशवीवर धष्टपुष्ट कुत्र्याचं चित्र. शल्लाशनं एक दाणा उचलला, वास घेतला, दहामकडे दिला. दहामनं उजेडात धरून पाहिला, जणू दागिना पारखतोय.

“कशाचा आहे?” शल्लाशनं मला विचारलं.

“मांसाचा. चरबी आहे त्यात. पळणाऱ्या जनावराला तीच लागते.”

“कुठल्या मांसाचा? तुझ्या लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून सांग, यात डुक्कर नाही.”

पिशवीवरची भाषा मला वाचता येत नव्हती. मी काय सांगणार? मी म्हटलं, “मला माहीत नाही.”

“जे तोंड माझ्या गोधडीवर टेकतं, त्यात मी माहीत नसलेलं घालू?” त्यानं पिशवी दारापाशी ठेवली, हळूच, माझा अपमान होऊ नये अशी. मी मात्र तिथं अपमान करूनच उठले. म्हटलं, “माहीत असलेलं तरी कुठं घालतोयस?”

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी दहाम मला शहरात सोडणार होता, म्हणून मी गाडीत होते. वाटेत सपाटी. शल्लाश पुढं, रीशा त्याच्या मांडीवर, तिचं नाक काचेला. मागं फिद्दा आणि मी. फिद्दाला कधी नव्हे ते यायचंच होतं. कारण विचारलं तर म्हणाली, “ती पडली तर उचलणार कोण?”

ससा उठला. शल्लाशनं दार उघडलं. त्या दिवशी रीशा जशी पळाली तशी मी कुणाला पळताना पाहिलेली नाही. तिच्या अंगात काही उरलेलं नव्हतं आणि तरी ती पळत होती. ससा वळला, ती वळताना घसरली, उठली, पुन्हा लागली. दहाम शिट्ट्या वाजवायचा थांबला. मग धुळीत दोघं एक झाले.

“धरला,” शल्लाश म्हणाला. लहान पोरासारखा आवाज होता त्याचा. गाडी पोचेपर्यंत त्यानं सुरीही काढून ठेवली.

शिकवलेली सलूगी ससा धरते आणि धन्याची वाट बघते. धनी अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवतो, मग तो ससा घराचा. पण तिनं त्यातलं खाल्लं, तर तो तिनं स्वतःसाठी धरला असं होतं, आणि ते मांस माणसाला हराम. रीशानं आयुष्यात कधी दात रुतवला नव्हता. ससे तिच्या तोंडातून ओले निघायचे, फाटलेले नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा ती खात होती. मान वर करून तिनं शल्लाशकडे पाहिलं आणि खातच राहिली. अंग थरथरत होतं, कातडीसकट गिळत होती.

दहाम पुटपुटला, “हराम झाला.” मग त्यालाच कसंसं वाटलं आणि तो गाडीचं चाक तपासायला गेला. चाकाला काही झालं नव्हतं.

शल्लाश उभा होता, हातात सुरी. मला वाटलं तो तिला मारेल. तो खाली बसला. तिच्या पाठीवरून हात फिरवला, कण्यावरून माकडहाडापर्यंत, आणि मांडीच्या जागी हात थांबला, कारण तिथं मांडी उरली नव्हती. “हिला मी भिकारी केलं,” तो म्हणाला.

“घरी चल,” फिद्दा म्हणाली. “आता तरी ऐक. आज थोडा रस्सा, उद्या जरा जास्त.”

मला शहरात सोडायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, मीही आठवण केली नाही. घरी पोचताच शल्लाश सरळ शेळीकडे गेला. ती एकच शेळी. घरातलं दूध, दही, सगळं तीच. फिद्दा आडवी आली.

“वेडा झालास? हिचंच दूध रोज घातलं तर रीशा उभी राहील.”

“पाहुणा माझ्या घरी उपाशी राहिला असता तर तू काय म्हणाली असतीस?”

“ती पाहुणी नाही. ती घरची आहे.”

“मग त्याहून वाईट.”

त्यानं शेळी कापली. मटण शिजवलं, चरबीसकट, आणि परातीत भात घालून वर रचलं, जसं आम्ही मोठ्या माणसासमोर मांडतो तसं. रीशाची धाप अजून पुरती बसली नव्हती. त्यानं परात तिच्यापुढं ठेवली. ती खाऊ लागली. आमचा यजमान पाहुण्याचा हात थांबला की चांगला तुकडा त्याच्याकडे सरकवतो. पाहुण्यानं नको म्हणायचं, यजमानानं सरकवायचं. शल्लाश सरकवत राहिला. रीशाला नको म्हणता येत नव्हतं.

“बस कर,” फिद्दा म्हणाली.

“पाहुण्याला घास मोजून वाढतात?”

मग ती पाणी प्याली, खूप. थोडा वेळ झोपली. उठली आणि खोलीत गोल फिरू लागली. ओकायला बघायची, काही यायचं नाही. पोट फुगून ढोलासारखं ताठ झालं. बोट मारलं तर आवाज यायचा. दहामनं कुणी सांगायच्या आत गाडी काढली. जनावरांचा डॉक्टर शहरात, रस्ता लांब. फिद्दानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि शल्लाश पुढून वळून वळून विचारत होता, “श्वास आहे?” फिद्दा म्हणायची, “आहे.” एका वेळेला तिनं ओढणीचा पदर रीशाच्या डोळ्यांवर ओढला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. ऊन अजून होतं.

तरी नंतर मी शहरात डॉक्टरला गाठलंच, भांडणाच्या तयारीनं. तो सरळ माणूस निघाला. म्हणाला, अशा खोल छातीच्या जनावराला धावून आल्यावर लगेच भरपूर घालू नये, पोट पिळून उलटतं. उपाशी राहिलेल्याला तर थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. रोटी आणि साखरेवर ते पळत नाही, त्याला मांस लागतं, चरबी लागते. नसेल तर दूध, अंडं, हाडांचा रस्सा, आणि धाप बसल्यावरच. मी विचारलं, हे वस्तीवर येऊन का सांगत नाही? तो म्हणाला, मला कुणी बोलावलं नाही. खरं होतं. आमच्यात सलूगीच्या खाण्याबद्दल परक्याला विचारणं म्हणजे आपल्या चुलीबद्दल विचारणं.

आता त्या घरात शेळी नाही, रीशा नाही, आणि चुलीवर मांस शिजायचा प्रश्नच नाही. उरलेलं शेळीचं मटण शल्लाशनं शेजारीपाजारी वाटून टाकलं, स्वतः तोंडात घातलं नाही. दहाम म्हण बोलायचा थांबलाय. फिद्दा खंगत चाललीय. परवा पाण्याचा डबा तिनं अर्धाच भरून नेला. शल्लाश कुणाकडे काही मागणार नाही. पिल्लू मागायचं नसतं, ते मिळतं, हे तो अजून धरून बसलाय. मला असल्या रीतींची पर्वा नाही, मी मागते.

तुमच्या ओळखीत कुणाकडे या वसंतात सलूगी व्याली असेल, तर एक मादी पिल्लू बाजूला ठेवा. आईचं दूध सुटेपर्यंत ठेवा, घाई करू नका. त्याच्याबरोबर एक दुभती शेळी देता आली तर द्या, नाहीतर ती मी कुठून तरी मिळवीन. आणि पिल्लू आणाल तेव्हा शल्लाशच्या हातात देऊ नका. आत जा, आणि फिद्दाच्या मांडीवर ठेवा.