पांढऱ्या झेंडीची कंपनी

रेल्वेच्या ऑफिसात जुन्या फायली ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात. तसा लेखी नियमच आहे. किश्श्यांना असला नियम नाही! ते साठत जातात, दुपारच्या चहाबरोबर पुन्हा पुन्हा निघतात, आणि सांगणारा रिटायर झाला तरी त्याच्या खुर्चीत बसलेला नवा माणूस तेच पुढे सांगत राहतो. सत्तरच्या दशकात मी सोलापूरला रेल्वेत कारकून होतो. त्या ढिगातले हे थोडे, सगळे एकाच पलटणीचे.

आम्ही पंचवीस-तीस जण रेल्वेच्या टेरिटोरियल कंपनीत होतो. म्हणजे अकरा महिने टेबल आणि एक महिना रायफल. आमचे मेजरसाहेब पुण्याचे, अंगात उत्साह फार. इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे रेल्वेच्या क्लबच्या हॉलमध्ये त्यांना भिंतीवर एक काळी पडलेली शील्ड दिसली. इंग्रजांच्या काळात रेल्वेतल्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नोकरांची इथे एक व्हॉलंटियर रायफल कंपनी होती. दंगाधोपा झाला तर रूळ आणि पूल राखायचे, हे तिचं काम. तिने नेमबाजीत जिंकलेली ती शील्ड.

साहेबांनी मला बोलावलं. "तुमचं अक्षर चांगलं आहे. या कंपनीचा इतिहास लिहून काढा. पंधरा दिवसांनी समारंभ आहे, नेमबाजी आणि इतिहास दोन्ही पाहिजे!"

अक्षर चांगलं असलं की माणूस इतिहासकार होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

*

इतिहास म्हणजे आधी कागद पाहिजेत. रेकॉर्ड रूममध्ये मी आणि मल्लप्पा दोन दिवस धूळ खात होतो. मल्लप्पा माझ्या शेजारच्या टेबलावरचा, वळसंगचा. घरी कानडी, ऑफिसात मराठी, आणि वैतागला की दोन्ही एकदम.

व्हॉलंटियरांच्या नावांची एक यादी सापडली, आणि एक फाईल. बाकी सगळं वाळवीने वाचून संपवलं होतं. फाईल चांगली जाडजूड होती. माझा आनंद गगनात मावेना!

उघडली तर सगळी पत्रं एका बिगुलाबद्दल. बिगुलाला पोचा आला आहे, तो कोणी काढायचा? वर्कशॉप म्हणे, हे वाद्य आहे, आमच्याकडे इंजिनं येतात. स्टोअर्स म्हणे, नवा देता येत नाही, कारण जुना मोडलेला नाही. असं चार वर्षं चाललेलं. शेवटचं पत्र एका ओळीचं होतं.

"सदर बिगूल हरवल्यामुळे पोच्याचा प्रश्न उरत नाही. फाईल बंद करावी."

मल्लप्पाने फाईल मिटली आणि म्हणाला, "बघ, आपलंच ऑफिस हाय की हे!"

*

मग आम्ही हेडक्लार्क बापूसाहेबांकडे गेलो. त्यांचे वडील त्या काळी एका लहान स्टेशनावर तारबाबू होते, त्यामुळे बापूसाहेबांना सगळं पाठ.

कंपनीच्या एकदा खोट्या लढाया ठरल्या. निम्मी कंपनी शत्रू. तिने स्पेशल गाडीने येऊन ते स्टेशन जिंकायचं. उरलेल्यांनी ते राखायचं. राखणाऱ्यांचा कॅप्टन म्हणजे त्याच स्टेशनचा गोरा स्टेशनमास्तर. त्याने पोती रचली, पाण्याच्या टाकीवर माणसं चढवली, मिशा पिळून तयार!

तेवढ्यात शेजारच्या स्टेशनाहून घंटा वाजली. शत्रूची गाडी लाइन क्लिअर मागत होती.

रेल्वेत पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी हलत नाही. कॅप्टनने ती दिली नसती तर शत्रू तिथेच बसून राहिला असता, लढाई जिंकलीच होती! तारबाबूंनी तसं सुचवूनही पाहिलं. कॅप्टनने घड्याळ बघितलं, लाइन क्लिअर दिली, सिग्नल पाडला. शत्रू वेळेवर आला, उतरला आणि दहा मिनिटांत स्टेशन घेतलं.

वरचा कर्नल संतापला. "तू शत्रूला सिग्नल दिलास?"

कॅप्टन म्हणाला, "सर, स्टेशन गेलं तर तुम्ही तोंडी बोलाल. गाडी लेट झाली तर मेमो येतो!"

*

"पण खरं काही पाहिजे असेल तर कुंभारीला जा," बापूसाहेब म्हणाले. "तिथे येसबा शिंदे आहे. चांदमारीच्या खंदकात असायचा."

चांदमारी म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं मैदान. तिथे टारगेटच्या खाली खंदक असतो. त्यात बसून गोळी लागली कुठे हे काठीने आणि झेंडीने दाखवायचं, गोळ्या डोक्यावरून जाऊ द्यायच्या. हे काम अर्थातच देशी खलाशाचं.

मी सायकल काढून कुंभारीला गेलो. येसबा पंचाहत्तरीचा, धोतर, मुंडासं, पाठ ताठ. मी नमस्कार करून विचारलं तर नुसता हसला. आतून त्याची लेक म्हणाली, "मोठ्यानं बोला! त्या गोळ्यांनी कान गेल्यात त्यांचं."

मी ओरडून विचारलं, "येसबा, काम कसं असायचं?"

"लई सोपं! गोळी चुकली की लाल झेंडी हलवायची. पर पयल्याच दिशी घोटाळा झाला की! येका सायबाची गोळी चुकली, म्या लाल झेंडी दावली. तर समदा बार बंद! येक बी गोळी यीना. म्या डोकं वर काडून बगतो तर समदे साहेब रायफली खाली करून गुमान हुबे."

"का?"

"आवो, समदे डायवर न् गारड! लाल झेंडी दिसल्यावर डायवर फुडं जातोय व्हय?"

त्यांच्या कॅप्टनने शिव्या दिल्या, पुन्हा समजावलं. तरी दर रविवारी तेच. हात आपोआप थांबायचा! शेवटी लाल बंद करून येसबाच्या हातात पांढरी झेंडी दिली. दुसऱ्या पलटणी हसायच्या, की ही कंपनी चुकली की शरण जाते.

*

त्या दिवशी निघता निघता मी शील्डचा विषय काढला. येसबाने लेकीला चहा ठेवायला आत पाठवलं आणि मला जवळ बसवून घेतलं.

"पीटर डायवर म्हनून हुता," तो म्हणाला. "देवमानूस. माजी बायकू बाळंतपनाला म्हायेरी, केमला. दोन दिस अडली हुती. टेसनात पीटरची मालगाडी हुबी. गारड म्हनला, बाईला घेता येत न्हाय, कायद्यात बसत न्हाय. पीटर म्हनला, कायद्यात नसंल तर माज्या इंजनावर बसंल! सोलापूरला दवाखान्यापतुर स्वता संगं आला. बायकू वाचली. लेक बी वाचली, आता च्या ठिवतीया ती."

पुढे पीटरचं वय झालं. सालाच्या नेमबाजीत जो फेल होईल त्याच्या डोळ्यांचा रिपोर्ट व्हायचा, आणि ड्रायव्हरला इंजिनावरून उतरवून शेडमध्ये बसवायचे.

मी दचकलो. "अहो, पण आंधळ्या माणसाच्या हातात गाडी?"

"आंदळा कशाचा! लांबचं झ्याक दिसायचं. मैलावरचा शिंगल दिसायचा. पर रायफलीच्या टोकाची नेम धरायची माशी दिसत न्हवती. इंजनाला काय माशी असती व्हय?"

"मग?"

येसबाने मुंडाशातून बोटभर शिसपेन्सिल काढली. "रायफलीची गोळी न् ही, येकाच जाडीची. कागदात मधल्या काळ्या ठिपक्यात खुपसली की बुल!"

त्या साली पीटरच्या पाचही गोळ्या बुलला लागल्या. येसबाने नुसतं पीटरला पास करायचं ठरवलं होतं, पण मार्क इतके झाले की कंपनीला शील्डच मिळाली! पीटरने ती हातात घेतली, खंदकाकडे बघितलं आणि टोपी काढली. 

मी वही मिटली. हे लिहायचं कसं?

"त्ये नका लिवू," येसबा म्हणाला. "निस्तं नाव लिवा माजं. अठरा वरीस डोस्क्यावरनं गोळ्या गेल्या. गावात सांगितलं तर म्हनत्यात, येसबा गप्पा हानतोय. कागूद न्हाय, बिल्ला न्हाय. येक डाव छापून आलं म्हंजे झालं."

*

मी इतिहास टाइप केला, शेवटी व्हॉलंटियरांची यादी जोडली आणि तिच्या तळाला येसबाचं नाव घातलं. मेजरसाहेबांनी वाचलं आणि तेवढंच नाव लाल रेघेने खोडलं.

"हा एनरोल होता का?"

"नाही सर. पण अठरा वर्षं—"

"मस्टरवर नाही तो इतिहासात नाही. उद्या कोणीही येईल आणि म्हणेल, मी पण होतो!"

माणूस वाईट नव्हता, पण नियमाला पक्का. मला फार वाईट वाटलं. कुंभारीला जाऊन सांगताना माझा आवाज काही मोठा होईना, आणि येसबाला तर ओरडूनच सांगावं लागत होतं. सगळ्या आळीने ऐकलं. 

"बरं," येसबा म्हणाला. "मग येवडं करा. येक डाव खंदकात उतरू द्या मला."

ही परवानगी मिळाली. त्यासाठी मस्टर लागत नव्हतं.

*

समारंभाचा दिवस. चांदमारीवर मंडप, हेडक्वार्टरहून आलेले जनरलसाहेब, टेबलावर घासूनपुसून ठेवलेली शील्ड. इतिहासाची फाईल माझ्या काखेत. खंदकात येसबा, आणि त्याला ऐकू येत नाही म्हणून सोबतीला मल्लप्पा. पाच बार झाले की आम्ही शिट्टी वाजवायची, मल्लप्पाने येसबाच्या खांद्याला हात लावायचा, मग त्याने टारगेट खाली ओढून गोळ्या मोजायच्या आणि परत वर करून दाखवायचं.

सुरुवात मेजरसाहेबांनीच केली. आडवे झाले. पहिला बार. दुसरा. तिसरा. चौथा. पाचव्याला नुसतं "खट्ट" झालं. गोळी उडालीच नाही! साहेबांनी बोल्ट ओढला, न उडालेली गोळी बाहेर पडली, ती त्यांनी खिशात टाकली. मी दोन हात अंतरावर उभा होतो म्हणून मला दिसलं. मंडप लांब होता. शिट्टीवाल्याने वेळ झाली म्हणून शिट्टी वाजवली.

टारगेट खाली गेलं. वर आलं. येसबाची काठी बुलवर टेकली. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा, पाचदा!

"फाइव्ह आउट ऑफ फाइव्ह!" जनरलसाहेब उठून उभे राहिले. मंडपात टाळ्यांचा कडकडाट.

मेजरसाहेब उठले. त्यांनी गोळीबार थांबवला, माझ्या काखेतली फाईल काढून घेतली आणि तरातरा खंदकाकडे निघाले. मी मागून पळालो. 

येसबा वर चढून आला. धोतराला माती, कानावर पेन्सिल. साहेबांना बघून त्याने कडक सॅल्यूट ठोकला. साहेबांनी टारगेटवरच्या भोकांवर एकेक करून बोट ठेवलं. पाच. मल्लप्पा आभाळाकडे बघत होता.

साहेबांनी खिशातली गोळी काढली, तळहातावर एकदा फिरवली आणि परत खिशात ठेवली. मग येसबाच्या कानाशी वाकून ओरडले, "बाबा, पूर्ण नाव काय तुमचं?"

"येसबा गनपत शिंदे. मुक्काम कुंभारी."

साहेबांनी फाईलमधली यादी उघडली. शर्टाच्या खिशाला पेन होतं, त्याला हात लावला नाही. हात येसबापुढे केला.

"जरा ती पेन्सिल द्या."