फोन आमचा, मर्जी कंपनीची

दुकानातून घरी आणलेली वस्तू आपली असते, असं मनापासून मानणारा अख्ख्या नाशकात मला एकच माणूस भेटला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे दाजी. तुम्हीआम्ही नवी वस्तू देवापुढे ठेवतो, हळदकुंकू वाहतो आणि वापरायला लागतो. दाजी ती आधी उघडायचे. आयटीआयमध्ये फिटरकाम शिकवण्यात जन्म गेलेला, त्यामुळे हाताला चैन म्हणून नाही. मिक्सर असो, इस्त्री असो, भिंतीवरचं घड्याळ असो, स्क्रू काढून झाकण बाजूला ठेवायचं आणि आतल्या यंत्राला कुंकवाचं बोट लावायचं. "वरून काय लावता? वरचा नुसता पत्रा असतो," असं त्यांचं म्हणणं. 'सील तोडल्यास कंपनी जबाबदार नाही' असा कागद चिकटवलेला दिसला की त्यांना चेवच चढायचा. माझ्याकडे नवा टीव्ही आला तेव्हा कौतुकानं बघायला आले आणि चहा होईपर्यंत त्याची पाठ मोकळी करून बसले. माझी बायको किंचाळलीच. दाजी शांत. "वहिनी, आत बघितलंच नाही तर तुमचा कसा म्हणायचा?"

अशा माणसाच्या वाटेला एक मोबाइल कंपनी गेली. त्याचं असं झालं की एका मोठ्या तापात ताईचे दोन्ही कान गेले. ती बोलायची, पण आपलं बोलणं तिला पाटीवर लिहून दाखवावं लागायचं. दाजींनी घरात चार ठिकाणी पाट्या टांगल्या, एक तर थेट शेगडीच्या वर. भांडणसुद्धा पाटीवर. दाजी रागानं लिहायला लागले की खडू मोडायचा, ताई हसायची आणि भांडण तिथंच संपायचं.

पुढे भाचीचं लग्न झालं, ती परदेशी गेली. फोनवर बोलणं ताईला शक्य नाही, टपालाला तीन आठवडे. मग भाची दाजींच्या साध्या फोनवर इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप पाठवायची. ताई चांदवडच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी तिला वाचता यायचं नाही. म्हणून दाजी तो निरोप वहीत मराठीत उतरवून तिच्या हातात द्यायचे, वळणदार अक्षरात, काना-मात्रेची चूक नाही. मजकूर मात्र ठरलेला. मी बरी आहे, इथे थंडी आहे, काळजी करू नकोस. सहा महिने आपली थंडीच! एक दिवस ताईनं वही मिटली आणि म्हणाली, "बापाच्या हातून येणाऱ्या पत्रात लेक काय लिहिणार?"

दाजींना ते फार लागलं. आठवड्याच्या आत ते ताईसाठी मोठ्या पडद्याचा स्मार्टफोन घेऊन आले, त्या काळात आमच्या सगळ्या नातेवाइकांत पहिला. दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं, "काका, यात सगळं चालतं." दाजींनी सायकलचा स्पोक कानशीनं घासून त्याच्या बारक्या स्क्रूंना बसेल असं हत्यार केलं, फोन उघडला, कुंकू लावलं, बंद केला. भाचीनं तिकडून कॉम्प्युटरवर मराठीत लांबलचक पत्र पाठवलं. फोनवर काय उमटावं? चौकोन! ओळीच्या ओळी रिकामे चौकोन. ताई चष्मा पुसून पुसून बघत राहिली.

दाजींची एक जुनी विद्यार्थिनी गंगापूर रोडला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. तिच्या कॉम्प्युटरवर तेच पत्र मराठीत दिसलं असतं, पण क्लासच्या गर्दीत बसून कोणती आई लेकीचं पत्र वाचेल? त्या बाईनं खपून मराठी अक्षरं दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम तयार केला. फोननं तो आत घ्यायला साफ नकार दिला. कंपनीची मान्यता नाही म्हणे! अरे, मान्यता? मला आजही हे आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. दाजी तर लालबुंद झाले होते. "मेव्हणे, पातेलं मी आणलं. त्यात भात लावायचा की वरण, हे भांडीवाल्याला विचारू?"

आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं गाऱ्हाणं ऐकायच्या आधीच फोन उघडला आणि चेहरा पाडला.

"काका, आत गंज चढलाय. वॉरंटी गेली."

"गंज नाही बाई, पूजेचं कुंकू आहे ते."

तिनं साहेबांना बोलावलं. साहेबांच्या फॉर्मवर पाणी, आपटणे आणि छेडछाड एवढे तीनच रकाने होते. बराच विचार करून त्यांनी खाली 'परकीय पदार्थ' असं लिहिलं. झालं! "कुंकू परकीय? आणि तुमचा फोन काय ओझरला पिकला?" दाजी एवढ्या मोठ्यानं ओरडले की रांगेतले लोक उठून आले. मराठी अक्षरांचं विचारलं तर साहेब म्हणाले, "बाहेरचं काही टाकायचं नाही सर, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे." "माझ्या बायकोला तिच्या लेकीपासून कसली सुरक्षा देताय?" असं दाजींनी विचारलं. पुढे त्यांनी कंपनीला अकरा अर्ज पाठवले, मराठीत, पोचपावतीसह. पोचपावत्या तेवढ्या आल्या.

शेवटी क्लासवाल्या बाईच म्हणाल्या, "सर, कंपनीनं आत घातलेलं कुलूप तोडता येतं. पण बिघडलं तर फोन कायमचा जाईल आणि कंपनी दारात उभं करणार नाही." दाजींनी ते जसंच्या तसं पाटीवर लिहून ताईपुढे धरलं, कारण फोन तिचा होता. ताईनं वाचलं आणि म्हणाली, "तोडा."

दुपारभर बाई फोनशी झटत होत्या आणि आम्ही तिघं भोवती बसलो होतो. फोन दोनदा बंद पडला, तिसऱ्यांदा उजळला, आणि चौकोनांच्या जागी अक्षरं आली. 'आई, तुला एकटीला सांगायचं आहे.' एवढी पहिली ओळ मला चुकून दिसली. दाजी पुढे वाकले तशी ताईनं फोन पदराआड घेतला. "तुम्ही नाही वाचायचं." मग ती आत गेली, दार लावलं, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली ती डोळे सुजवून, पण तिचा चेहरा हलका झाला होता. दाजी गॅलरीत माझ्याशेजारी बसले होते. "बघितलंत मेव्हणे? मला दाखवत नाही ती," असं ते म्हणाले, आणि इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ताईला जाऊन आता वर्ष झालं. तो फोन दाजी रोज सकाळी चार्जिंगला लावतात. मायलेकींची सगळी पत्रं त्यात आहेत. भाची आली होती, ती म्हणाली, "बाबा, आता वाचलंत तरी चालेल. मला काही वाटणार नाही."

दाजींनी फोन रुमालानं पुसला आणि होता तिथं ठेवला.

"तुझं झालं गं," ते म्हणाले, "पण तिला विचारायचं राहिलं."