मामांची शनिवारची पणजी

काहीही दाखवायचं झालं, की मामा आधी खाकी पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घ्यायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "हय बघा." आपण मोठ्या अपेक्षेने बघावं, तर समोर एक खिडकी असायची.

नाव सांगत नाही. हे वाचलं तर खूश होऊन चार प्रती विकत घेतील, प्रत्येक कचेरीत एकेक देतील आणि शिक्का मारलेली पोच घेऊनच परततील.

पेडण्यातल्या एका सरकारी कचेरीचं टपाल पणजीच्या कचेऱ्यांत नेऊन देणं हे त्यांचं काम. अठ्ठावीस वर्षं ते सकाळी सात-वीसच्या बसने जायचे आणि संध्याकाळी परतायचे. मी त्याच बसचा प्रवासी आणि घरही समोरच. अख्खी बस त्यांना मामा म्हणायची. तुम्ही-आम्ही पणजी ओळखतो ती नदीवरून, चर्चच्या पायऱ्यांवरून. मामांची पणजी म्हणजे आवक खिडक्या. कुठला कारकून चहाआधी शिक्का मारतो आणि कुठला चहानंतरही मारत नाही, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. नदी कुठे म्हटलं, तर "तिसऱ्या कचेरीच्या पाठी," म्हणून मोकळे.

मामी जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. बहीण बेळगावकडे खानापुरात दिलेली. तिची मुलगी शिकून तयार झाली आणि तिला दोन नोकऱ्या चालून आल्या, एक पणजीत आणि एक पुण्यात. शनिवार-रविवार मायलेकी पणजी बघून जाणार आणि मग ठरवणार. पणजी ठरली, तर भाची मामांकडे राहणार, त्यांच्याच बसने जाणार-येणार. महिनाभर बसमध्ये दुसरा विषय नव्हता.

"एकदा शहर बघल्यार चेडू जाता खंय?" मामा म्हणायचे. आम्ही माना डोलवायचो. कुणाच्याच डोक्यात आलं नाही, की मामांनी शनिवारची पणजी आयुष्यात पाहिलेली नाही.

शनिवारी त्यांनी मलाही ओढून नेलं. पहिल्या कचेरीसमोर मामांनी पिशवीचा हात बदलला. "हय बघ, बाय. ही आवक खिडकी. आज बंद आसा, पण सोमवारी उभ्या रवाक जागा गावाची नाय."

भाचीने बंद खिडकीचा फोटो काढला. दुसरी कचेरी बंद. तिसरीही बंद, तिथे मामांनी काचेला नाक लावून आतली खुर्ची दाखवली. "थय बसता तो मनीस. अक्षर मोत्यासारख्या."

"मामा, आवक झाली. आता काय?" भाचीने विचारलं.

"आता जावक," मामा गंभीरपणे म्हणाले आणि जिना चढू लागले.

दुपारी बहिणीने एका पायरीवर बसकण मारली. "दादा, आम्हाला कुलपं दाखवायला आणलास काय रे? खानापुरात काय कमी आहेत?"

"कुलूप कित्याक बघतस? काचेतसून आत बघ."

कँटीनमधली पातळ भाजी आणि पोई, म्हणजे कोंड्याचा गोवेकरी पाव, खाऊ घालायचं कबूल केलं होतं. कँटीनही बंद. चौघांनी बसस्टँडवर उभ्याउभ्या समोसे खाल्ले, आणि त्या कँटीनची भाजी कशी असते हे मामांनी इतक्या रसाळपणे सांगितलं की समोसा अगदीच फिका लागला.

रविवारी सकाळी मी गाडी बाहेर काढली, तर हे तिघे थांब्यावर नटूनथटून उभे. सात-वीसची वाट बघत. आठ वाजले होते. ती बस रविवारी धावत नाही, हे अठ्ठावीस वर्षांत मामांना कळायचं कारणच पडलं नव्हतं. मी तिघांना गाडीत घातलं. मामा पुढे बसले आणि मागे ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "भाऊ, पणजेत आयतवारी लोक काय बघतत?"

मग काय विचारता! असा रंगमंच मला कोण देतो? मी रंगीत घरांच्या गल्ल्या फिरवल्या, चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून हातवारे करत इतिहास सांगितला. निम्मा खरा असेल. मामा पाहुण्यासारखे हात मागे बांधून सगळ्यांच्या पाठी. मधूनच म्हणायचे, "ह्या माका म्हायतच नाय होता." तक्रार नव्हती त्यात. लहान मुलासारखे खूश होते.

संध्याकाळी नदीकाठी बाकावर बसलो. मामा चणे आणायला गेले, तशी बहीण घाईघाईने मला म्हणाली, "हिचं पुण्याचं ठरलंय हो. कालच सांगणार होतो. पण तो त्या खिडक्यांजवळ असा उभा राहायचा, की तोंडातून शब्द निघेना बघा." भाची नदीकडे बघत होती.

मामा चार पुड्या घेऊन आले. तीन वाटल्या, चौथी स्वतः घेऊन बसले.

"बाय, तू पुण्याक जा," ते म्हणाले.

भाचीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला कुणी सांगितलं, मामा?"

"सांगूक कित्याक व्हया? रवणारो माणूस बसचो टायम इचारता. तू दोन दिवसांत एकदाय इचारलंस नाय."

ती पुडीतले चणे बोटाने उगाच हलवत राहिली. "रागावलास?"

"टपालाचो माणूस मी. जयचो कागद थय पोचाक व्हयो." मग तोंडात चणे टाकून ते नदीकडे वळले. "भाऊ, ही बोट खंय जाता?"

मी सांगितलं. त्यांनी आणखी दोन बोटींची चौकशी केली.

मायलेकींना बेळगावच्या बसमध्ये बसवून आम्ही पेडण्याला परतलो. दिवे लागले होते. मी गाडी लावत होतो, तर मामा फाटकात घुटमळले. "दोन मिनटां येशात?"

आत मागची खोली उघडली. नव्या रंगाचा वास अजून ताजा होता. खिडकीपाशी फणसाच्या लाकडाचं मेज, सुताराकडून करून घेतलेलं, उजेड डावीकडून येईल असं लावलेलं. याबद्दल बसमध्ये कधी अवाक्षर नाही.

"तुमच्या चेडवाच्या अभ्यासाक जायत," मामा म्हणाले. "तकडसून उचला."

माझ्या मुलीला मेज आहे. तरी मी दुसरी बाजू धरली. दोघांनी ते उचललं, दारातून तिरकं करून काढलं. मामा पुढे, उलट्या पावलांनी रस्ता ओलांडत. आमच्या अंगणात शिरताना माझा हात घसरला आणि मेजाचा पाय फाटकाला लागता लागता राहिला.

"सावकाश, भाऊ," मामा म्हणाले. "नवा आसा."