डॉक्टर हजर होते

सकाळचे साडेदहा. वाशीममधला एक सरकारी दवाखाना, पुरुषांचा वॉर्ड. खिडकीजवळच्या पलंगावर एक आजोबा आणि त्यांच्याभोवती नर्सिंगच्या मुलींचा गराडा.

एका कॉलेजच्या मुली आजोबांचा बीपी मोजून गेल्या. दुसऱ्या कॉलेजच्या आल्या. तिसऱ्या दारात उभ्या. जिल्ह्यात कॉलेजं वाढत गेली, पलंग होते तेवढेच राहिले. आजोबांनी बाही खाली ओढली आणि छताकडे बोट दाखवलं.

"पोरींनो, माया हात सोडा आता. त्या पंख्याचा घ्या बीपी!"

सगळा वॉर्ड हसला. रांगेत शेवटी उभी असलेली सुनीता मात्र हसली नाही, कारण तिचा नंबर पुन्हा हुकला होता. ती मालेगावकडच्या एका वस्तीवरची. आईबाप हंगामाला बाहेरगावी कामाला जाणारे. बाहेर पडताना ती मला म्हणाली, "सर, दुसरं वर्ष संपून राह्यलं. अजून एकाही खऱ्या माणसाचा बीपी घेतला नाही मी."

बातमीदाराचं असंच होतं. छापलेलं दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं आणि न छापलेलं डोक्यात साचत राहतं. आरोग्य खातं वर्षानुवर्षं माझ्याकडे, त्यामुळे माझा साठा बहुतेक नर्सिंगचा. टपरीवर सांगितला की मित्र चहा सांडेपर्यंत हसतात. मीही हसायचो.

*

सुनीताच्या कॉलेजात सरावासाठी एक रबरी डमी होती. इंजेक्शन, सलाइन, सगळं तिच्यावरच शिकायचं. पण कंपनीनं गुंडाळलेलं प्लास्टिक कोणी काढलंच नव्हतं. खराब झाली तर? मुली काचेच्या कपाटातल्या डमीकडे बघून इंजेक्शन द्यायला शिकत.

संस्थाचालकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांचं कारंज्यालाही एक कॉलेज आहे. कॉलेजं दोन आणि डमी एकच! कारंज्याला मान्यतेची तपासणी निघाली आणि नेमकी त्याच दिवशी जीप बंद पडली. शिपाई गजाननानं डमीला चादरीत गुंडाळलं आणि एसटीत चढवलं.

एका मावशीनं लगेच उठून जागा दिली. कंडक्टरनं हळू आवाजात विचारलं, पेशंटला कुठं उतरवायचं?

"कारंजाले," गजानन म्हणाला. "तपासणी आहे."

कंडक्टरनं गाडी कॉलेजच्या दारात उभी केली. मावशीनं डमीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उतरणाऱ्या गजाननाला बजावलं, "पोरीले एकटं सोडू नको रे बाप्पा."

*

याच कॉलेजातून सुनीताच्या आधी पास झालेली एक मुलगी. हुशार. इथं भरती निघेल म्हणून वाट पाहिली, मग पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिच्या गावचं उपकेंद्र बहुतेक वेळा बंद. गावात कोणाला लागलं, कापलं, की लोक तिच्या आईकडे जातात. आई व्हिडिओ कॉल लावते. पुण्याहून लेक सांगते, इथं आई पट्टी बांधते.

मी सरपंचांना विचारलं, गावात नर्स नाही का? ते जरा चिडलेच.

"आहे न! रेंज असली की भेटते."

आपण जिल्ह्यात नर्सेस तयार करतो आणि बाहेर पाठवतो. ज्या राहतात, त्या सुनीतासारख्या रांगेत शेवटी उभ्या असतात. या धोरणाबद्दल मी मंत्र्यांना भर पत्रकार परिषदेत विचारलं होतं. त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

*

मग सुनीताच्या कॉलेजची तपासणी आली.

कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल लागतं. भाऊसाहेबांचं आहे. इमारत आहे, पलंग आहेत, पाटीही आहे. नसतात ते पेशंट. त्यामुळे तपासणीच्या दिवशी प्रत्येक मुलीनं घरचं एखादं माणूस पेशंट म्हणून आणायचं, ही तिथली जुनी रीत. सुनीतानं आई आणली. गोदाबाई हंगाम संपवून नुकतीच परतली होती.

गोदाबाईला पोटदुखी मिळाली. स्वच्छ चादरीवर झोपायला मिळालं म्हणून ती खुशीत होती. शेजारच्या पलंगावरच्या बाईला म्हणाली, "घरी दुखते तवा कोणी पुसत नाही. आज दुखत नाही त मोठे साहेब येऊन राह्यले."

बीपी कोणाचाही असो, एकशे वीस-ऐंशी सांगायचा, असं कॉलेजच्या मॅडमनी मुलींकडून पाठ करून घेतलं होतं. पण सुनीताच्या हातात पहिल्यांदाच खरं यंत्र होतं आणि समोर खरा दंड. तिनं बीपी घेतला. पुन्हा घेतला. तेवढ्यात समिती पलंगापाशी आली.

"बीपी किती?" समितीतल्या साहेबांनी विचारलं.

"दोनशे दहा, एकशे वीस."

मॅडमचा चेहरा उतरला. साहेबांचा मात्र उजळला.

"वा! नाहीतर सगळीकडे तेच एकशे वीस-ऐंशी ऐकावं लागतं. मुलींकडून असाच वेगवेगळ्या केसेसचा सराव करून घेत जा."

समिती पुढच्या पलंगाकडे गेली. सुनीता मॅडमच्या मागे लागली. मॅडमनी तिला गप्प केलं, आज इथं कोणी आजारी नाही म्हणाल्या. मग ती डॉक्टर शोधत वॉर्डाबाहेर धावली. व्हरांड्यात पाठमोरा पांढरा कोट दिसला, गळ्यात स्टेथोस्कोप.

"सर, माया आईले बघा न जरा!"

कोट वळला.

"ताई, मी हाओ," गजानन म्हणाला. "कायले सर म्हणतेस?"

संध्याकाळी सगळ्या पेशंटना समोसे देऊन टेम्पोनं घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसल्या जागी गोदाबाई उजव्या अंगावर कलंडली. ती बाजू अजून उठलेली नाही. वाचा गेली. सुनीतानं कॉलेज सोडलं. आता ती घरी आईचं अंग पुसते, कूस बदलते आणि उसन्या यंत्रावर रोज बीपी घेते. तिचा हात चांगला बसलाय.

कॉलेजला मान्यता मिळाली.

तपासणीच्या दिवशी ड्युटीवर डॉक्टर कोण होते, एवढंच मी भाऊसाहेबांना विचारलं. त्यांनी प्राचार्यांकडे बोट दाखवलं, प्राचार्यांनी समितीकडे. समितीतले साहेब फोनवर माझ्यावरच तडकले.

"डॉक्टर हजर होते. मी स्वतः त्यांच्याशी हात मिळवला."

मी नाव विचारलं. ते अजून कोणी सांगितलेलं नाही.