पाटणकर आणि बारमाही टायर

पाटणकर कुणाच्या घरी गेला की आधी बेल वाजवत नसे. दारात उभ्या असलेल्या गाडीपाशी उकिडवा बसायचा, खिशातून एक युरोचं नाणं काढायचा आणि टायरच्या खाचेत उभं धरून बघायचा. नाण्याची सोनेरी कड किती बुडते, त्यावर यजमानाची लायकी ठरायची. मग बेल. दार उघडलं की नमस्कार वगैरे नाही. "काय रे, मुलांना याच गाडीतून शाळेत सोडतोस?"

ल्यूकन या आयरिश उपनगरातल्या आमच्या वसाहतीत पाच-सहा मराठी घरं. बायका त्याला हसत, पुरुष वैतागत. सगळ्यांत जास्त मी. आम्ही एकाच औषध कारखान्यात होतो. तो यंत्रांच्या तपासणीत, मी पॅकिंगला. म्हणजे कामावरही तोच आणि रविवारी दारातही तोच.

त्याचं म्हणणं मला पाठ आहे. "गाडी म्हणजे काय रे? रस्त्याला टेकलेले चार तळहात. बाकी सगळी सजावट." मग पुढचं. "उन्हाळी टायर थंडीत दगड होतात. सात डिग्रीच्या खाली गेलं की संपलं, आणि इथे सात डिग्री म्हणजे निम्मं वर्ष. हिवाळी टायरचा वेगळा जोड घेणं हाही मूर्खपणा. वर्षातून दोनदा बदला, आणि काढलेले ठेवणार कुठे, बाथटबमध्ये? एकच बारमाही जोड घे, चांगल्यातला. एकदा खिसा हलका होतो, मग विसरून जा." मी म्हणायचो, इथे बर्फ पडतोच कुठे, गॅरेजवाला तर म्हणाला टायर ग्रँड आहेत, म्हणजे इथल्या बोलीत झकास. "या देशात सगळं ग्रँडच असतं," पाटणकर म्हणायचा, "ब्रेक दाबेपर्यंत."

त्याचं बरोबर होतं. तोच तर ताप होता. बरोबर असलेला माणूस दर आठवड्याला तेच सांगायला लागला की त्याचं न ऐकण्यातच आपल्याला मोठेपणा वाटू लागतो.

दोन हजार वीसच्या शरद ऋतूत माझे टायर झिजले, तेव्हा मी त्या गॅरेजवाल्याकडचे सगळ्यांत स्वस्त उन्हाळी टायर घातले. गाडीची सरकारी तपासणी साथीमुळे पुढे ढकललेली, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. एकमेकांकडे जायला बंदी, म्हणून पाटणकरही नाण्यासकट घरात अडकलेला. पण फोन होता. दर रविवारी एकच प्रश्न, "टाकलेस का?" एका रविवारी गॅसवर आमटी उतू जात होती आणि हा कानाशी लागलेला. मी म्हटलं, "हो, टाकले. बारमाही. झालं समाधान?"  तो पलीकडून हळूच म्हणाला, "शाब्बास." आणि संध्याकाळी सगळ्यांना कळवून टाकलं, श्रीधरसुद्धा सुधारला.

जानेवारीत एका पहाटे त्याचा फोन आला. गोठणाऱ्या थंडीने त्याच्या गाडीची बॅटरी बसली होती. त्याची बायको मेधा नासच्या इस्पितळात प्रयोगशाळेत काम करायची. तिला पाळीवर पोचवायचं होतं. "टॅक्सी बोलावली असती रे. पण टॅक्सीवाल्याचे टायर मला माहीत नाहीत. तुझे माहीत आहेत."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "पाच मिनिटांत येतो."

मेधा मागच्या सीटवर मास्क लावून बसली. काच बोटभर उघडी. "भावोजी, सावकाश बरं का. निघताना मला टायरवर भाषण ऐकवूनच सोडलंय." मी सावकाशच चालवत होतो. सेलब्रिज मागे पडल्यावर उंच कुंपणाच्या आडोशाला एक वळण होतं, तिथे रस्ता पांढरा दिसला. मी ब्रेक दाबला. गाडी आपली जातच राहिली, दगडी भिंतीपर्यंत. मेधाचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत धातूची पट्टी बसवावी लागली. वसंत संपेपर्यंत तिला साधी परीक्षानळी धरता येत नव्हती.

माझी गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. बंपर दुरुस्त होत असताना मी तिथे सांगून चारही टायर बदलून घेतले. बारमाही, पाटणकर नेहमी नाव घ्यायचा त्याच कंपनीचे. मला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं.

आठवड्याने पाटणकर आला. अंतर राखून फाटकाशी उभा राहिला. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होतो. तो म्हणाला, "श्रीधर, माफ कर मला. मी गावभर त्या टायरांची खात्री देत फिरलो. माझ्या भरवशावर तू तसल्या रस्त्यावर गाडी घातलीस." नव्या टायरांकडे त्याने एकदाच पाहिलं आणि मान वळवली.

"जाऊ दे रे," मी म्हटलं. एवढंच.

उन्हाळ्यात भेटीगाठी सुरू झाल्या तेव्हा पाटणकर सरळ बेल वाजवू लागला. कुणी मुद्दाम टायरचा विषय काढला, तर म्हणायचा, "मला काय विचारता? गॅरेजवाल्याला विचारा." लोकांना वाटलं, सुटलो. मेधा एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "हल्ली घरात काही सांगतच नाहीत हो. मी चुकले तरी गप्प." त्याला गप्प करण्याची माझी वर्षानुवर्षांची इच्छा पुरी झाली होती, आणि तो समोर आला की मला बसवत नसे.

त्याच वर्षाच्या शेवटी त्याला कॉर्कला नोकरी लागली. निघण्याच्या सकाळी तो खोकी गाडीत भरत होता. मी जवळ जाऊन सांगितलं, "त्या दिवशी माझ्या गाडीला बारमाही टायर नव्हते."

त्याने खोकं खाली ठेवलं. कारखान्यात विचारायचा तसं विचारलं, "मग कधी टाकलेस?"

"नंतर. गॅरेजमध्ये."

तो मान हलवत राहिला. मला वाटलं, निदान त्याचं ओझं तरी उतरेल. म्हणून म्हटलं, "म्हणजे तुझं बरोबरच होतं."

"टायरचं सोड," तो म्हणाला. "मी तुझ्या दारात येऊन माफी मागितली. आणि तू ती घेतलीस."

खोकं उचलून त्याने मागे ठेवलं, डिकी लावली आणि गाडीत जाऊन बसला. शेजारी मेधा होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. काच खाली करून ती म्हणाली, "भावोजी, कॉर्कला या हं, वहिनींना घेऊन."

मी हो म्हणायच्या आत पाटणकरने आपल्या बाजूच्या बटणाने तिची काच वर केली.