आक्कांची ओळ

कुणाचा हेवा करायचा हे आक्कांना रोज नव्याने ठरवावं लागत नसे. नवी आली तेव्हापासून ते कायमचं ठरून गेलं होतं. सकाळी तोंड धुतानाच त्यांना ती आठवायची आणि साखर घालूनही चहा कडू लागायचा.

नवी म्हणजे गोधडीच्या मंडळात सगळ्यांत शेवटी आलेली बाई. तशी ती आता काही नवी राहिली नव्हती. खोलीतली तिची जागा ठरली होती, चहाचा कपसुद्धा ठरला होता. पण आक्का तिला नवीच म्हणत, आणि म्हणताना असं तोंड करत की जणू उद्या-परवा ती बोचकं उचलून परत जाणार आहे. पस्तिशीची, अबोल, मान खाली घालून शिवणारी बाई. भांडायला काही कारणच द्यायची नाही, हा तर तिचा सगळ्यांत मोठा गुन्हा. भांडखोर असती तर एकदाच काय ते झालं असतं आणि आक्का मोकळ्या झाल्या असत्या.

आता आक्कांबद्दलही थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी उगाच खाष्ट आहे. खाष्ट होत्याच, पण उगाच नव्हे. गल्लीतल्या निम्म्या पलंगांवर त्यांच्या हातच्या गोधड्या होत्या. ऊन पडलं की बायका त्या गॅलरीत वाळत टाकत आणि आक्का भाजीचं निमित्त काढून मान वर करून चालत सुटत. ही माझी, तीही माझी, आणि ती पलीकडची माझी नाही, म्हणूनच बघा कशी मध्येच गोळा झालीय! हे सुख त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. दुसरं सुख जुन्या कापडाचं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, कॉलरीला विरलेलं कापड हाताला लागलं की त्यांचा चेहरा खुलायचा. नवऱ्याच्या सदऱ्यांवर तर त्यांचा डोळाच असे.

"अगं, अजून अंगात आहे माझ्या," तो म्हणायचा.

"असू दे की. मी नुसता पोत बघतेय."

मंडळ भरायचं पावाच्या भट्टीवरच्या खोलीत. भट्टीवालीनेच ती खोली दिली होती. खालून ऊब यायची, भाजल्याचा वास यायचा, आणि कधी कडेला करपलेला पाव वर यायचा, त्यावर सगळ्या तुटून पडायच्या. मधोमध लाकडी चौकट, चौकटीवर ताणलेली गोधडी, आणि चारही बाजूंना बायका. ज्या बाजूला जी बसेल ती बाजू तिची. कडेपासून धावदोऱ्याच्या ओळी घालत घालत आत यायचं आणि शेवटी मधला चौकोन घालायचा. चौकोनाचा मान सगळ्यांत चांगल्या हाताचा. हे कुणी कधी ठरवलं नव्हतं. ठरवायचं काय त्यात? चौकोन कायम आक्काच घालत आल्या होत्या.

मंडळात आणखी एक गोष्ट न बोलता चालायची. एक निवृत्त नर्सबाई होत्या. मनाने सोनं, पण टाके असे लांब लांब, जखम शिवून पेशंटला वाटेला लावल्यासारखे. त्या घरी गेल्या की आक्का त्यांची ओळ उसवून पुन्हा घालत. पुढच्या वेळी नर्सबाई आपल्या ओळीवर हात फिरवून खूश व्हायच्या. "जमायला लागलंय हं मला आता!" सगळ्याजणी माना डोलवायच्या आणि आक्का ओठ दाबून हसू गिळायच्या.

अशात ही नवी आली. कानामागून आली आणि तिखट झाली. तिचे टाके मोहरीएवढे, एकासारखा एक. बायका चष्मे सावरून बघायला लागल्या. "अगंबाई, उलट्या बाजूनेसुद्धा तसेच!" आक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला. "हिच्या वयात डोळे चांगले असतातच. त्यात काय मोठंसं?" त्या म्हणाल्या. आणि त्यांचे स्वतःचे डोळे? छे, त्यांना काहीसुद्धा झालेलं नव्हतं! खोलीतल्या दिव्यातच दम नव्हता. शिवाय सुयांची नाकं हल्ली बारीक यायला लागली होती. एकदा नवीने सुई ओवून द्यायला हात पुढे केला, तर आक्का म्हणाल्या, "राहू द्या. माझे हात अजून जागेवर आहेत."

आणि जागेवर होतेही, असं सगळ्याच म्हणत. दर वेळी भट्टीवाली आक्कांची ओळ बघून म्हणायची, "आक्का, काय हात आहे तुमचा!" नवीकडे तिरक्या नजरेने बघत आक्का ते वाक्य पुरवून पुरवून ऐकत.

या वेळची गोधडी भट्टीवालीच्या मुलीसाठी होती. तिला दुसऱ्या गावात नोकरी लागली होती. मधल्या चौकोनाला भट्टीवालीने आपल्या आईची रेशमी ओढणी काढून दिली होती. तो चौकोन जवळ आला आणि गेल्या बैठकीत भट्टीवाली नवीकडे बोट करून चाचरत म्हणाली, "आक्का, या खेपेला मधला चौकोन हिला देऊया का? तुम्हालाही जरा आराम."

आराम! मेल्यावर आरामच आहे की! आक्कांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत नवीच म्हणाली, "नको हो. चौकोन आक्काच घालतील."

झालं. आगीत तेल पडलं ते तिथे. म्हणजे आता आक्कांचा चौकोन आक्कांना ही देणार? दान करणार? घरी येऊन त्यांनी नवऱ्यासमोर ते वाक्य तिच्या आवाजात, नाक वर करून, इतक्या वेळा म्हणून दाखवलं की तो बिचारा वर्तमानपत्र घेऊन जिन्यात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का घरातून निघाल्या तेव्हा पिशवीत छोटी कात्री होती. बेत अगदी साधा होता. नवीची ओळ चार-पाच ठिकाणी उसवायची आणि थोडी वाकडी करून पुन्हा घालायची. मग उद्या बघू बायका चष्मे सावरून काय बघतात ते! भट्टीवर गिऱ्हाइकांची गर्दी होती, त्यामुळे वर जाताना त्यांना कुणी पाहिलं नाही. या वयात चोरासारखं जिना चढताना त्यांना लाज वाटायला हवी होती. पण वाटली ती मजा.

पापाला हात घालायच्या आधी जरा स्वतःच्या ओळींवर हात फिरवू, म्हणून त्या आपल्या बाजूला बसल्या. डोळे मिटले. बोटांना सगळं कळायचं. पहिली ओळ, वा! दुसरी, तीही तशीच. सगळ्यांत आतली, काल घातलेली ओळ हाताला लागली आणि बोटं अडखळली. एक टाका लांब, एक आखूड, मध्येच ओळ खाली घसरलेली. आक्का उसळल्याच. कुणी घातली ही? माझ्या बाजूला? नर्सबाई चुकून इथे बसल्या की काय?

त्यांनी ओळीचं टोक चाचपलं. टोक नव्हतं. दोन बारीक उलटे टाके घालून दोरा दोन थरांच्या मध्ये सरकवून दिला होता, बाहेर काही दिसू नये म्हणून. असं ओळ संपवणारी बाई मंडळात एकच होती. गाठ मारणं म्हणजे आळशी बाईचं काम, असं ती बाई सगळ्यांना ऐकवायची.

आक्कांनी डोळे उघडले. मग त्यांनी बाहेरच्या ओळी शेवटपर्यंत चाचपल्या, त्या सुंदर, एकसारख्या ओळी. प्रत्येकीच्या टोकाला एक गाठ होती. लहानशी, नीट लपवलेली, पण गाठ. त्या उठून नवीच्या बाजूला गेल्या. तिथेही तशीच गाठ.

हाताला काम सुचेना. पिशवीतली कात्री पिशवीतच राहिली. नर्सबाईंचं खुललेलं तोंड त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. रडू नाही आलं. राग आला, असा की चौकट उचलून खिडकीबाहेर फेकावी.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पुढे भट्टीवाली, मागे सुई-दोऱ्याची डबी घेऊन नवी. आक्कांना बघून दोघी दारातच थिजल्या.

"या, या," आक्का म्हणाल्या. "कालची ओळ राहिलीय ना माझी? उसवा की. मी बसते बघत."

नवीची मान खाली गेली. भट्टीवाली म्हणाली, "आक्का, असं नका हो..."

"तुझं तोंड बंद ठेव. मी हिला विचारतेय. कधीपासून चाललंय हे?"

"मी आले तेव्हापासून," नवी हळूच म्हणाली.

"वाटलंच मला! आलीस ती माझ्या मुळावरच आलीस."

"ती आली नाही, आक्का," भट्टीवालीचा आवाज चढला, आणि ती आक्कांवर आवाज चढवेल असं तिला स्वतःलाही कधी वाटलं नसेल. "मी आणली तिला. तुमच्या ओळी आधी आम्हीच उसवून घालून बघितल्या. पण आमची ओळ तुमची म्हणून कशी खपायची? आंधळ्यालाही कळलं असतं. तुमच्यासारखा टाका आमच्यात एकीचाही पडेना. किती ठिकाणी हिंडले मी, किती बायकांचे टाके बघितले! शेवटी ही सापडली. अजून घरी तुमच्या जुन्या गोधड्या पुढे ठेवून सराव करते ती."

खाली कुणीतरी पावासाठी हाका मारत होतं. भट्टीवाली गेली नाही.

आक्का नवीकडे बघत राहिल्या. हेवा काही गेला नव्हता. उलट तिची ती सरळ बोटं, चष्म्याशिवायचे डोळे बघून आत आणखीच जळलं. गोधडीच्या मध्ये रेशमाचा तुकडा चमकत होता. रेशीम एकदा शिवून उसवलं की भोकं राहतात, हे आक्कांना कुणी शिकवायची गरज नव्हती. भट्टीवाली काल का चाचरली तेही आता कळलं.

"चौकोन तू घाल," त्या म्हणाल्या. "मी घातलेला उसवता यायचा नाही."

नवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आक्का, मी..."

"रडू नकोस, रेशमावर डाग पडेल. बस इथे." त्यांनी तिला दंडाला धरून जवळ ओढलं आणि तिच्या हातात सुई दिली. "गाठ मारतेस तू. त्या गाठीनेच पकडलं तुला. हे बघ, दोन टाके उलटे घ्यायचे आणि दोरा असा आत सरकवायचा. नीट शिकून घे, म्हणजे पुढच्या वेळी मलासुद्धा कळायचं नाही."